सही करून काय होतं?

शुक्रवारी संध्याकाळी कॅफेत बसले होते. एका मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली, कुठलंसं जंगल वाचवायची. मी नाव टाइप केलं, सही ठोकली आणि कॉफीकडे वळले. समोर बसलेला आमचा एमबीए मित्र म्हणाला, ‘‘तुझ्या सहीनं तेल काढायचं थांबणारे का कुणी?’’

जाम राग आला. कारण उत्तर नव्हतं. घरी येऊन शोधाशोध केली, तर इक्वेडोर सापडलं.

तिथे अ‍ॅमेझॉनच्या जंगलात यासुनी नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. बाहेरच्या जगापासून लांब राहणाऱ्या तागाएरी आणि तारोमेनाने या जमातींचं ते घर. आणि जमिनीखाली तेल! २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष राफाएल कोरेया यांनी जगाला ऑफर दिली: आम्ही तेलाला हात लावत नाही, बुडणाऱ्या उत्पन्नातला निम्मा भाग, म्हणजे ३६० कोटी डॉलर, तुम्ही द्या. जगाने टाळ्या वाजवल्या. हातावर टेकवले जेमतेम सव्वा कोटी. २०१३ मध्ये योजना गुंडाळली आणि २०१६ मध्ये तेल निघायला लागलं.

मधल्या काळात ‘यासुनिदोस’ नावाने एकत्र आलेल्या तरुण मंडळींनी सार्वमतासाठी साडेसात लाखांवर सह्या गोळा केल्या. २०१४ मध्ये निवडणूक यंत्रणेने त्यातल्या निम्म्याहून जास्त बाद ठरवल्या. आपण असतो तर? ग्रुप म्यूट केला असता आणि वीकेंडला लोणावळा गाठलं असतं. ही मंडळी मात्र कोर्टात गेली आणि चिकटून राहिली. २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने हिरवा कंदील दाखवला. २० ऑगस्टला मतदान झालं आणि सुमारे ५९ टक्के लोक म्हणाले, यासुनीतल्या त्या पट्ट्यातलं तेल जमिनीखालीच राहू दे.

हॅपी एंडिंग? थांबा. तेलावर पोट असलेल्या ओरेयाना प्रांतात उलटा कौल आला. त्यांना शहरात बसून शहाणपण शिकवणं सोपं आहे. आणि कोर्टाने गाशा गुंडाळायला दिलेलं एक वर्ष संपलं, तेव्हा अडीचशेच्या घरातल्या विहिरींपैकी पहिली विहीर बंद करण्याचं काम कुठे सुरू झालं होतं. सरकार म्हणालं, सगळं आवरायला २०२९ उजाडेल. मार्च २०२५ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयालाही बजावावं लागलं, की जनतेचा कौल अमलात आणा.

रात्री मित्राला मेसेज केला, ‘‘सहीनं तेल थांबत नाही. सहीनंतर दहा वर्षं मागे लागलं, तर एखादी विहीर बंद होते.’’

त्याचा रिप्लाय आला, ‘‘मग तू आज सही कशावर केलीस?’’

मी लिंक पुन्हा उघडली. या वेळी आधी वाचली.

तुमची शेवटची सही कशावर होती, आठवतंय?