मित्रकीटक विकता, तर त्यांचा खुराकही सांगा

कापडाच्या पेढीवर बसणाऱ्यांनी किड्यांवर लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण आमचा धंदा कापसाच्या बोंडातूनच सुरू होतो. मावा आणि पांढरी माशी पानाचा रस शोषून गोड चिकटा सोडतात. बोंडे फुटलेली असली की तो रुईवर पडतो. असा कापूस गिरणीत रुळांना चिकटतो, सूत तुटते आणि मालाचा भाव उतरतो. म्हणून मावा खाणारा ढालकिडा, म्हणजेच लेडीबर्ड भुंगेरा, आमच्याही कामाचा प्राणी आहे.

मित्रकीटक वापरा, हा उपदेश शेतकऱ्यांना बरीच वर्षे केला जात आहे. उपदेश बरोबरच आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. त्यानंतर तरी त्यावर वाद नको. आमचे म्हणणे विक्रीबद्दल आहे. हा जिवंत माल आहे. त्याची वाढ हवेवर आणि खुराकावर अवलंबून असते. डबा विकताना मात्र या दोन्हींची चौकशी कोणी करत नाही.

आधी हवेचे पाहू. सात ठिपक्यांच्या ढालकिड्याची वाढ साधारण १२ अंश सेल्सियसच्या खाली थांबल्यासारखी होते. त्यावरचा प्रत्येक अंश जमेच्या बाजूला. अंड्यापासून भुंगेरा होईपर्यंत रोजचे जादा अंश मिळून सुमारे २०० व्हावे लागतात. रोजमेळासारखे मांडून पाहा. दिवसाची सरासरी २७ असेल तर रोज १५ जमा, म्हणजे तेरा-चौदा दिवसांत काम होते. सरासरी २० वर आली की रोज ८ जमा, म्हणजे पंचवीस दिवस! मावा मात्र याहून कमी उष्णतेतही वाढत राहतो. थंडीत मावा पुढे पळतो आणि किडा मागे पडतो, आणि आपल्याकडे बोंडे उघडी असतात ती याच दिवसांत. उलट उष्णता हद्दीबाहेर गेली तर किडे मरतात. जे वाचतात ते अंगाने लहान निघतात, आणि लहान मादी अंडीही कमीच घालते.

आता खुराक. सगळा मावा सारखा नसतो. एका जातीच्या माव्यावर अळी झपाट्याने वाढते, दुसऱ्यावर रखडते. युरोपात एल्डर नावाच्या झुडपावरचा मावा तर या सात ठिपकेवाल्याच्या अळ्यांना विषासारखा बाधतो. परागकण आणि मध यांवर मोठा किडा तगून राहतो, पण अंड्यांना त्याला माव्याचाच खुराक लागतो. आणि उपाशी ठेवला तर? आपल्याच जातीची अंडी आणि धाकट्या अळ्या खातो. डब्यात भरले किती आणि पोहोचले किती, यातली तूट कधी कधी अशीही होते.

द्राक्षबागायतदारांना क्रिप्टोलिमस हे नाव माहीत आहे. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा ढालकिडा १८९८ साली हिंदुस्थानात आणला गेला. त्याचे खाद्य पिठ्या ढेकूण. प्रयोगशाळेत लाल भोपळ्यावर आधी हे ढेकूण वाढवतात आणि त्यांच्यावर किडा सोडतात. सत्तावीस अंशांच्या आसपास महिन्याभरात पिढी तयार होते. सोळाच्या खाली आणि तेहतीसच्या वर तो सुस्त पडतो. भोपळ्याचा खटाटोप टाळायचा म्हणून पतंगाच्या अंड्यांवर त्याला वाढवून पाहिले गेले आहे. वाढतो, पण मादी अंडी घालायला कचरते, कारण ढेकणाच्या अंगावरचे मेणकट पांढरे तंतू असल्याशिवाय तिला जागा पसंत पडत नाही. स्वस्त खुराकातली खोट अशी पुढच्या पिढीत दिसते. आणखी एक गोष्ट: याची अळीही तशीच पांढरी, झिपरी दिसते. विकणाऱ्याने ती दाखवून दिली नाही तर बागायतदार तिलाच ढेकूण समजून औषध मारतो, आणि पैसे देऊन आणलेला माल आपल्याच हाताने संपवतो.

आमच्या ताग्यावर गिरणीचे नाव, लांबी, सुताचा प्रकार छापलेला असतो. मग या डब्यावर किड्याची जात, अळी की भुंगेरा, जन्माची तारीख, कशावर वाढवला, किती अंशांत ठेवला, एवढे छापायला कितीसा खर्च येणार आहे? मे महिन्याच्या दुपारी एस.टी.च्या टपावरून असा डबा पाठवायचा नाही, हेही त्यावरच लिहावे. आणि पोहोचल्यावर किडे मेलेले निघाले तर तो तोटा कोणाचा, हे पावतीवर आधीच ठरलेले असावे. आमच्या मते तो पाठवणाऱ्याचा.