शाकारणी

'वळचणीचे पाणी आढ्याला' ही म्हण वर्गात समजावून सांगताना अलीकडे आम्हांला फळ्यावर छपराचे चित्र काढावे लागते. आढे कोणते, वळचण कोणती, हे कळल्याखेरीज पाण्याचा उलटा प्रवास कळत नाही आणि तो कळला नाही तर म्हणीतला उपरोधही हाती लागत नाही. वसईच्या हरित पट्ट्यातल्या मुलांनाही हे चित्र लागते, याचे वाईट अधिक वाटते.

नंदाखालसारख्या गावात राहत्या घराभोवतीच्या वाडीत लहान, गौण बांधकामे असत. मेढींवर उभा गोठा, कारवीचा शेणमातीने लिंपलेला कूड, वर वासे आणि त्यांवर पेंढा किंवा गवत. हे छप्पर दरवर्षी पावसाआधी शाकारावे लागे. जुना पेंढा उतरवायचा, किडका वासा बदलायचा आणि नवा पेंढा थराथराने चढवायचा, तोही खालून वर, म्हणजे वरच्या थराचे पाणी खालच्या थराच्या पाठीवरून घसरून जाते. (पाणी जात नसले तरी पेंढा मात्र वळचणीकडूनच आढ्याकडे जातो!)

अशा बांधकामांच्या जतनाचा विषय निघाला की नॉर्वे आठवतो. लिलेहामरच्या आंदेर्स सांदविग या दंतवैद्याने 1887पासून खेड्यांतील जुनी लाकडी घरे आणि कोठारे गोळा केली. त्यांतून 1904 मध्ये माइहाउगेन हे खुले संग्रहालय उभे राहिले. तिथले 'स्टाबुर' म्हणजे उंदरांपासून धान्य वाचवण्यासाठी जमिनीपासून उचलून बांधलेले लाकडी कोठार. तिकडच्या छपरांवर बर्चच्या सालीचे थर पाणी अडवतात आणि गवतासकट रचलेली मातीची ढेपळे त्या सालीला दाबून धरतात. असे छप्पर काही दशके टिकते, लाकूड तर शतकानुशतके. म्हणून ते उचलून संग्रहालयात नेता येते.

आपला गोठा तसा नेता येणार नाही. त्याचे छप्पर कधी जुने झालेच नाही; ते दरवर्षी नवे होते. जुनी होती ती शाकारणी. जपानमधील इसेचे मंदिर दर 20 वर्षांनी नव्याने बांधतात, शेवटचे 2013 मध्ये. तिथे परंपरा लाकडात नसून सुताराच्या हातात आहे, हे सर्वांना मान्य आहे. गोठ्याला आपण हा मान द्यायला तयार नाही, कारण तो गोठा आहे. वसईचा किल्ला आणि जुनी चर्चे यांच्याविषयी आपण तळमळीने लिहितो, बावखलांसाठीही आता आवाज उठतो; गोठा मात्र पत्रा चढताच विस्मरणात जातो.

पत्र्याला आमचा विरोध नाही. आगीची धास्ती, पेंढ्यातली जिवाणू, भर पावसात गळणारा कोपरा यांत ज्यांनी दिवस काढले, त्यांना पेंढ्याचे सौंदर्य शिकवण्याचा अधिकार आम्हांला नाही. रिसॉर्टमधल्या शोभेच्या झोपड्यांनीही आमचे समाधान होत नाही. आमचा आग्रह भाषेच्या अध्यापकांचा आहे. नंदाखाल हे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे जन्मगाव. 2020च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि 2024 मध्ये ते गेले. अशा गावातली सामवेदी बोली बोलणारी ज्येष्ठ माणसे छपराच्या प्रत्येक भागाला काय म्हणतात, हे मराठी विभागांनी टिपून घ्यायला नको का? बोलीच्या प्रकल्पांत आम्ही लग्नगीते आणि म्हणी गोळा करवून घेतो. हाताच्या कामाचे शब्द प्रश्नावलीत नसतातच, ही चूक आमचीही आहे.

शब्द हातांबरोबर येतात, म्हणून मे महिन्यात एखादा गोठा विद्यार्थ्यांनी जाणत्यांच्या देखरेखीखाली खरोखर शाकारावा, असे आम्ही सुचवतो. अडचण पेंढ्याची येईल. नव्या भातजाती बुटक्या, आणि यंत्राने झोडलेला पेंढा चुरगळलेला. शाकारणीला लांब, सरळ काड लागते. तेव्हा आदल्या जूनमध्ये कुणाच्या तरी खाचरात उंच वाढणारे जुने भात पेरण्यापासूनच सुरुवात करावी लागेल.