विश्लेषण : चषक लाखाचा, मग पंच ऐनवेळचा का?

कणकवली परिसरात पाऊस सरला की प्रकाशझोतातील कबड्डी आणि टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धांना रंग चढतो. बक्षिसाची रक्कम फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत झळकते. पंच मात्र अनेकदा ऐनवेळी शोधला जातो. वाद झाला की पहिला राग त्याच्यावरच.

पंचगिरीत करिअर होते का?
होते. नवी मुंबईच्या वृंदा राठी यांनी सुरुवात गुणलेखनाने केली. २०१३च्या महिला विश्वचषकात त्या गुणलेखक होत्या. न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस यांना पाहून त्या पंचगिरीकडे वळल्या. परीक्षा देत त्या २०२३ मध्ये रणजी करंडकात पुरुषांच्या सामन्यात उभ्या राहिल्या.

अमेरिकेत काय घडले?
तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्येही बहुतेक पंच दुसरा व्यवसाय सांभाळतात. २०१२ मध्ये मोबदला आणि निवृत्तिवेतनावरून बोलणी फिसकटली आणि लीगने बदली पंच आणले. २४ सप्टेंबरला सिएटलमधील सामन्याचा निकालच त्यांच्या शेवटच्या क्षणीच्या निर्णयावर फिरला. देशभर ओरड झाली आणि दोनच दिवसांत समझोता झाला. अनुभवी पंचाची किंमत तो नसताना कळली.

इथे काय करावे?
आयोजकांनी खर्चाच्या अंदाजातच पंचांचे मानधन धरावे आणि परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनाच नेमावे. शाळांनी मुला-मुलींच्या हाती गुणपत्रिका द्यावी. संघात जागा न मिळालेल्यांनाही मैदानावर वाट आहे. ती दाखवायला मोठे स्टेडियम लागत नाही.