हाताने रेखाटलेला वेग
चित्रविचार : उल्हासनगर कॅम्प नं. ३

ताकेशी कोइके दिग्दर्शित ‘रेडलाइन’ या जपानी ॲनिमेशनपटाची कथा अगदी साधी आहे : दर पाच वर्षांनी भरणाऱ्या आंतरग्रहीय मोटारशर्यतीत प्रतिस्पर्धी शस्त्रसज्ज असताना जेपी नावाचा तरुण आपल्या गाडीवर एकही शस्त्र न बसवता उतरतो. २०१० साली जपानमध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाला तिकीटबारीवर अपयश आले, तरी पुढे जगभरच्या रसिकांनी तो आपलासा केला, आणि त्याचे कारण कथेपेक्षा वेगाच्या चित्रणात अधिक आहे.

कॅमेऱ्याला वेग रस्त्यावर आयता मिळतो. ॲनिमेशनमध्ये, म्हणजे स्थिर चित्रांतून हालचालीचा भास निर्माण करण्याच्या कलेत, तो कागदावर घडवावा लागतो. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात आणि खर्च वाचवण्यासाठी जपानी मालिकांत एकच चित्र बहुधा दोन-तीन चौकटी टिकवले जाते. ‘मॅडहाउस’ स्टुडिओने मात्र या १०२ मिनिटांच्या चित्रपटासाठी सुमारे सात वर्षे खर्चून जवळपास एक लाख चित्रे हाताने काढली. त्यामुळेच येथे गाडीचे नाक लांबवर ताणले जाते, चालकाचा चेहरा वाऱ्याच्या दाबाने पसरतो आणि यथार्थदर्शनाचे, म्हणजे अंतरानुसार वस्तू लहानमोठ्या दाखवण्याचे, नियम हेतुपुरस्सर वाकवले जातात. परिणामी एरवी केवळ शरीराला जाणवणारा वेग डोळ्यांना दिसू लागतो.

अशा चित्रपटात शैलीच आहे, आशय नाही, हा आक्षेप येथे टिकत नाही, कारण शस्त्र नाकारून केवळ चालवण्याच्या कौशल्यावर विसंबणारा नायक आणि संगणकाने मोटारी उभ्या करणे शक्य असतानाही पेन्सिलवर विसंबणारे चित्रकार यांची निष्ठा एकच आहे.

ही निष्ठा महाराष्ट्राला परकी नाही. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेचे क्लेअर वीक्स यांच्याकडून १९५६ च्या सुमारास धडे घेतलेल्या राम मोहन यांनी पुढे युगो साको आणि कोइची सासाकी यांच्यासह ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ हा १९९२ चा हस्तरेखित चित्रपट दिग्दर्शित केला. कौशल्य येथे तेव्हाही होते आणि आजही आहे. उणीव आहे ती चित्रकाराला पुरेसा अवधी देणाऱ्या निर्मात्याची आणि असे काम पडद्यावर मागणाऱ्या प्रेक्षकाची.

फाळणीनंतर लष्करी छावणीत आलेल्या निर्वासितांनी छोट्या उद्योगांतून उभ्या केलेल्या उल्हासनगरला हातांच्या श्रमाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील महाविद्यालयांनी व चित्रपट मंडळांनी हे दोन्ही चित्रपट मोठ्या पडद्यावर दाखवावेत, आणि ॲनिमेशन शिकू पाहणाऱ्या मुलांच्या पालकांनी संगणकाआधी त्यांच्या हाती पेन्सिल द्यावी.