भुंकण्यामागचे कारण

आमचे घर पेठेत, दुकानाच्या वर आहे. सकाळी सातपासून खाली टेम्पो लागतात, पोती उतरतात, शेजारची शटर वर जातात. दोन वर्षांपूर्वी मुलांनी पावसात भिजलेले एक पिल्लू घरी आणले. मोती मोठा झाला आणि बाहेरच्या प्रत्येक आवाजावर भुंकू लागला. सासूबाईंचे सामायिक नेमके त्याच वेळी. त्या ४८ मिनिटांत तो दहा वेळा खिडकीकडे धावे. शेजाऱ्यांच्याही तक्रारी आल्या. अखेर थोरले दीर म्हणाले, "याला शेतावरच्या गोदामात ठेवून येऊ." मुले रडवेली झाली. सामायिक पूर्ण झाल्यावर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आश्रयाला आलेल्या जिवाला असे घालवू नये. आधी तो का भुंकतो, ते तरी पाहा."

पाहू लागले तेव्हा पहिला दोष माझाच निघाला. तो भुंकला की मी स्वयंपाकघरातून ओरडत असे. मला वाटे, मी त्याला दटावते आहे. त्याला मात्र वाटत असावे की मालकीणबाईही आपल्यासोबत भुंकत आहेत! माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचा. आपल्या कानी न पडणारेही त्याला ऐकू येते. शिवाय त्याचा हिशेब सरळ असतो: हातगाडी आली, मी भुंकलो, हातगाडी गेली. रोज असा 'नफा' होत असेल, तर तो हा व्यवहार का सोडील?

म्हणून आम्ही प्रथम खिडकीला जाड पडदा लावला आणि त्याचे अंथरूण आतल्या खोलीत हलविले. माल उतरण्याची वेळ होण्यापूर्वी त्याला भरपूर फिरवून आणू लागलो. मग शटरचा आवाज मोबाईलवर ध्वनिमुद्रित केला. दुपारच्या निवांत वेळी तो इतका हळू वाजवायचा की मोतीने कान टवकारावेत, पण भुंकू नये. आवाज झाला की लगेच पनीरचा एक छोटा तुकडा. क्रम महत्त्वाचा: आधी आवाज, नंतर खाऊ. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटे. काही दिवसांनी आवाज किंचित वाढवायचा. तो भुंकला तर पुन्हा एक पायरी खाली यायचे. घाई केली की मागचे मिळविलेलेही जाते. खऱ्या आवाजाच्या वेळी त्याने खिडकीऐवजी आपल्याकडे पाहिले, की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ.

खाऊ देताना एक सावधगिरी हवी. बिनमिठाचे पनीर किंवा बिया काढलेले सफरचंद चालते. पण द्राक्षे, सुक्या मेव्याच्या डब्यातील मनुका-बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषासमान आहेत. दिलेला खाऊ त्याच्या रोजच्या आहारातून वजा करावा.

घरातील सर्वांनी एकच रीत पाळणे आवश्यक आहे. एकाने चुचकारावे आणि दुसऱ्याने काठी उगारावी, तर जनावर गोंधळते. मार किंवा विजेचा झटका देणारा पट्टा यांनी तोंड कदाचित बंद होईल, पण मनातील भय वाढेल. आणि दबलेले भय कधीतरी चाव्याच्या रूपाने बाहेर पडते. शांत कुत्रा एकाएकी भुंकू लागला, किंवा फटाक्यांच्या आवाजाने थरथर कापू लागला, तर पशुवैद्यांना अवश्य दाखवावे. कानाचे दुखणे किंवा वार्धक्यही त्यामागे असू शकते.

आम्हाला यासाठी सुमारे तीन महिने लागले. मोती मुका झालेला नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. शटर वाजले की तो एकदा भुंकतो आणि मग खाऊसाठी माझ्याकडे धावत येतो. सासूबाईंच्या सामायिकाच्या वेळी त्यांच्या आसनापासून हातभर अंतरावर तो निजलेला असतो. थोरल्या दिरांनी गोदामाचा विषय पुन्हा काढला नाही. उलट परवा पनीरची वाटी त्यांच्याच हातात दिसली.

मोतीला शिकविण्यात तीन महिने गेले खरे, पण पहिला महिना माझाच आवाज खाली आणण्यात गेला, हे मात्र कबूल केले पाहिजे.