स्वस्तात मिळालेली महाग मोटार

मोटारीची हौस खानदेशाला नवी नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग ज्या गावी एकमेकांस छेदतात, त्या धुळ्यातील माणसास इंजिनाचा आवाज लहानपणापासूनच परिचयाचा असतो. ट्रक आणि जीप यांच्या संगतीत वाढलेली ही हौस आता पोर्शे, फेरारी, लॅम्बोर्गिनी अशा विदेशी शर्यती मोटारींकडे वळू पाहत आहे. आणि तीही नव्या नव्हेत, तर मुंबई-पुण्याच्या बाजारात दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातून सुटलेल्या. कापसाच्या व्यापारात मिळालेला किंवा रस्त्याखाली गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचा पैसा कोणी कशावर खर्चावा, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. मात्र मुलाच्या हट्टापायी घरची पुंजी अशा व्यवहारात घालणाऱ्या गृहस्थाने चार गोष्टी आधी जाणून घ्याव्यात, असे आम्हांस वाटते.

पहिला भ्रम किमतीचा. नवी असताना दोन कोटींना गेलेली मोटार ऐंशी लाखांना मिळाली, की एक कोटी वीस लाख वाचले असे ग्राहकास वाटते. वस्तुतः मोटारीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. दुरुस्तीचा खर्च दोन कोटींच्या मोटारीचाच राहतो. १९९० नंतरच्या दशकातील फेरारी ३५५ या मोटारीचा टायमिंग पट्टा बदलावयाचा तर सबंध इंजिन बाहेर काढावे लागते. पोर्शे ९११ च्या ९९६ या मालिकेत इंजिनाच्या पोटातील एक बेअरिंग निकामी झाल्यामुळे अख्खे इंजिन वाया गेल्याची उदाहरणे जगभर नोंदलेली आहेत. अशी मोटार धुळ्यात बंद पडली, तर ती ट्रेलरवर चढवून कसारा घाट उतरवून मुंबईस न्यावी लागते. त्या ट्रेलरचे भाडे किमतीच्या हिशेबात कोणी धरीत नाही.

दुसरा भ्रम 'कमी चाललेल्या' मोटारीचा. उभी राहिलेली मोटार ताजी राहते, हा समज निखालस चुकीचा आहे. नळ्यांचे रबर कडक होते, ब्रेकचे तेल ओलावा धरते, टाकीतील पेट्रोल नासते. टायर वरून नवे दिसले तरी त्याच्या कडेवरील चार आकडे वाचावेत : २३१८ म्हणजे २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात झालेले टायर. आमच्याकडील उन्हाळा अशा टायरची परीक्षा फार लवकर घेतो.

पण यंत्रापेक्षा कागद अधिक दगा देतात. आपल्या राज्यातच आकारास आलेल्या 'अवंती' या स्पोर्ट्स मोटारीचा २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात मोठा गाजावाजा झाला. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी तिच्या निर्मात्यास अटक केली. एकाच इंजिन व चॅसी क्रमांकाच्या मोटारी निरनिराळ्या राज्यांत नोंदल्या गेल्याचा आणि त्यांवर कर्जे उचलल्याचा तो आरोप होता. आरोपाच्या खरेखोटेपणाशी आम्हांस येथे कर्तव्य नाही. परंतु पुस्तकातील क्रमांक मोटारीवरील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा, एवढा बोध त्यातून अवश्य घ्यावा. परराज्यात नोंदलेली मोटार स्वस्त दिसते, कारण महाराष्ट्राचा कर तिच्यावर भरावयाचा बाकी असतो. विकणाऱ्यानेही निश्चिंत राहू नये. नोंदणीवर ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक आणि अपघाताच्या भरपाईस तोच जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार प्रकरणात दिला आहे. पैसे मोजून घेतले आणि किल्ली दिली, एवढ्याने व्यवहार पुरा होत नाही.

जुनी मोटार पुढे सोन्याच्या मोलाची होते, असे दलाल सांगतात. काही थोड्या मोटारींबाबत ते खरे आहे. याच आग्रा रस्त्यावर पुढे असलेल्या इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांनी १९३० नंतरच्या दशकात ड्यूसेनबर्ग मोटार घेतली. यंत्र अमेरिकेचे आणि वरचा साज लंडनच्या गर्नी नटिंग यांचा. तशी दुसरी नाही, म्हणून तिचे मोल. (ती पुढे देशाबाहेर गेली, ही खंत निराळी.) हजारोंनी निघालेल्या, तीन मालकांनी पिटाळलेल्या मोटारीस तो न्याय लागू नाही. शासनानेही २०२१ च्या नियमांत 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली, ती पन्नास वर्षे ओलांडलेल्या वाहनांनाच.

शासनास आमची एक सूचना आहे. वाहनाची नोंद, त्यावरील बोजा, विम्याची मुदत हे सर्व आता घरबसल्या कळते, ही मोठीच सोय झाली. परंतु मोटार पूर्वी अपघातात चेपली होती काय, २६ जुलै २००५ सारख्या पुरात बुडाली होती काय, हे सांगणारा भरपाईच्या दाव्यांचा इतिहास विमा कंपन्यांच्या दप्तरातच पडून राहतो. इंजिन व चॅसी क्रमांक देणाऱ्या कोणाही ग्राहकास, अल्प शुल्क घेऊन, तो पाहावयास मिळाला पाहिजे. लाखाची जुनी अल्टो घेणाऱ्या शिक्षकास त्याची गरज फेरारीवाल्यापेक्षा अधिक आहे.