सही करण्याआधी

मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपली आणि एक मावशी पदराखालचा कागद काढून आमच्यापुढे उभ्या राहिल्या. "दादा, लायनीतल्या सगळ्यांनी सह्या केल्या. मी करू का?" कागद होता विकासकाला द्यायच्या संमतीचा. त्यावर विकासकाचे नाव ठळक छापलेले. घराचे क्षेत्रफळ आणि महिन्याचे भाडे यांच्या जागा मात्र कोऱ्या. आम्ही म्हटले, मावशी, कोऱ्या कागदावर अंगठा उठवण्याचे दिवस आपल्या आजोबांबरोबर गेले.

सरकारी-खासगी भागीदारी असे याचे भारदस्त नाव. वस्तीच्या भाषेत 'बिल्डर आला'. डिसेंबर 1995 मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले तेव्हापासून मुंबईत हा व्यवहार चालू आहे. पैसा विकासकाने घालायचा, आपली घरे बांधायची आणि मोबदल्यात मिळालेल्या जादा चटईक्षेत्रावर टॉवर उभारून बाजारभावाने विकायचा. आम्ही आयुष्यभर जमा-नावे लिहिणारे कारकून. हा हिशेब मांडला की 'फुकट घर' हा शब्दच खोटा ठरतो. आपण ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, तिच्यातूनच घराची किंमत वसूल होते. मग मान खाली घालून का बोलायचे?

बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत 1912 पासून वीसेक वर्षे राहिले. ती चाळ प्लेगनंतर 1898 साली स्थापन झालेल्या ट्रस्टची. तिथे बिल्डर नव्हता. पण नुसते सरकार म्हणजे सुख, असेही नाही. बी.डी.डी. चाळींतल्या 160 चौरस फुटांच्या खोल्यांत आपल्या किती पिढ्या दाटीवाटीने राहिल्या, ते नायगाव-वरळीकरांना विचारा. आता तिथे म्हाडा स्वतः विकासक आहे आणि मोठ्या कंपन्या तिच्या कंत्राटदार. रहिवाशांना 500 चौरस फुटांचे घर आहे. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीत पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या. झोपडपट्टी योजनेत मात्र घर 1995 ला 225 चौरस फुटांचे होते, नंतर 269 आणि आता 300. तिथे सूत्रे खासगी विकासकाच्या हाती. शिवाय संमतीची अट 70 टक्क्यांवरून 51 वर आणली आहे. म्हणजे शंभरातले एकोणपन्नास नको म्हणाले तरी गाडी पुढे जाणार.

खरा घात होतो भाड्यात. आमच्या थोरल्या भावाने खोली रिकामी केली, अकरा महिने धनादेश वटले, बारावा परत आला. त्यानंतर विकासकाच्या कार्यालयाला कुलूप. आई दिव्याच्या भाड्याच्या खोलीत गेली, शेवटपर्यंत विचारत होती, "आपल्या बिल्डिंगचा कितवा मजला झाला रे?" तेव्हा पायासुद्धा खणलेला नव्हता. आम्ही तिला चौथा सांगत असू.

अशी रड घरोघर झाली, तेव्हा 2023 मध्ये प्राधिकरणाने परिपत्रक काढले: विकासकाने दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करायचे आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे धनादेश द्यायचे. म्हणून खोलीची चावी देण्याआधी भाडे जमा झाल्याचा पुरावा मागा. काम रखडवणाऱ्या विकासकाला झोपडपट्टी कायद्याच्या कलम 13(2) खाली काढता येते, हेही लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये या कायद्याचा एकंदर कारभार तपासण्यास मुंबई उच्च न्यायालयाला सांगितले, ते उगीच नव्हे.

परिशिष्ट-2 ही पात्रतेची यादी. तिच्यात आपले नाव, वडिलांचे नाव, आडनाव बरोबर आहे का ते स्वतः वाचा. समितीच्या सेक्रेटरीने "आहे, आहे" म्हटले म्हणून घरी येऊ नका. एका मात्रेपायी लोक वर्षानुवर्षे हेलपाटे घालतात. करारनामा पती-पत्नी दोघांच्या नावे व्हायला हवा, असा नियमच आहे. भगिनींनी इथे संकोच करू नये. दारुड्या नवऱ्याने घर परस्पर विकल्याची उदाहरणे आपल्याच वस्तीत आहेत. आणि विहार! तोंडी "बांधून देऊ" चालणार नाही. मंजूर नकाशात विहाराची जागा दाखवली आहे का, ते बोट ठेवून पाहा.

मावशींनी कागद घडी करून परत पदराखाली ठेवला. समितीचे एक तरुण कार्यकर्ते आमच्यावर रागावले. आम्ही काम अडवतो म्हणाले. त्यांचाही राग खोटा नाही, पावसाळ्यात त्यांच्या घरात गुडघाभर पाणी असते. येत्या रविवारी वंदनेनंतर विकासकाच्या माणसाला विहारात बोलावले आहे. कोऱ्या जागा तो सर्वांसमोर भरेल असे ठरले आहे. ज्यांच्याकडे परिशिष्ट-2 ची प्रत आहे, त्यांनी ती बरोबर आणावी, झेरॉक्स चालेल.